पालीत कुणाला विचारलंत?

लोकसभा जवळ आली की रायगडातल्या पालीच्या एसटी स्थानकापासून बल्लाळेश्वराच्या देवळापर्यंत एकच विषय : 'काय, कोण येतंय?' विचारण्यात गैर काहीच नाही. पण उत्तर हल्ली आपण टीव्हीवरून उचलतो. तिथे कुणीतरी जनमत चाचणीचा तक्ता दाखवतं, आपण तो नाक्यावर जसाच्या तसा म्हणून दाखवतो. निदान रायगडकरांनी तरी हे करू नये.

2014 आठवा. देशभर मोदी लाट, राज्यात 48 पैकी 42 जागा महायुतीला. आणि इथे? महायुतीतल्या शिवसेनेचे अनंत गीते राष्ट्रवादीच्या सुनील तटकरेंना हरवून आले ते अवघ्या 2,110 मतांनी. यादीत सुनील तटकरे नावाचाच आणखी एक अपक्ष होता, त्याला पडली 9,849 मतं. मतदानयंत्रावर उमेदवाराचा फोटो लावायचं ठरलं 2015 साली, म्हणजे त्यानंतर. एकेका नावावर बोट ठेवत खाली उतरणारी एखादी आजी डोळ्यांपुढे आणा. ओळखीचं नाव सापडलं, बटण दाबलं. शेजारी राष्ट्रवादीचं घड्याळ आहे का, ते बघायचं राहून गेलं. अशी चूक किती जणांची झाली ते कुणीच सांगू शकणार नाही. कुठल्या सर्वेक्षणाने ती आधी कशी ओळखावी?

आता हिशेब करू. हजार माणसांना विचारलं तर सुमारे तीन टक्के इकडेतिकडे होणारच. रायगडात मतदान दहा लाखांच्या घरात, म्हणजे एकेका उमेदवारामागे तीस हजार मतांचा फरक चाचणीत धरूनच चालायचा. त्यात 2,110 दिसणार कुठे? 2019 ला तटकरे 31,438 मतांनी निवडून आले, तेही यातच बुडतं, कारण दोघांमधल्या अंतरात हा फरक जवळपास दुप्पट होतो. शिवाय एका मतदारसंघात हजार जणांना विचारणारे किती? बहुतेकांची रीत ठरलेली : राज्याची टक्केवारी काढायची, मागच्या निकालावर बसवायची आणि जागा वाटून मोकळं व्हायचं. पण शेतकरी कामगार पक्षाने (शेकाप) 2014 ला स्वतःचा उमेदवार दिला, 2019 ला तटकरेंना साथ दिली, 2024 ला गीतेंना. ही हलवाहलव त्या टक्केवारीत कशी धरणार? इथला साधा कार्यकर्ता आधी तीच बघतो.

2024 ला बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी भाजपप्रणीत रालोआला साडेतीनशेपार नेलं, काहींनी चारशेपर्यंत. 3 जूनला सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी चढला, 4 जूनला चार हजारांहून जास्त कोसळला. रालोआ 293 वर थांबली. चाचण्यांच्या भरवशावर सोमवारी शेअर घेतलेल्यांना मंगळवारी त्याची किंमत मोजावी लागली. अंदाज सांगणाऱ्या वाहिन्या मात्र विधानसभेला पुन्हा तेच तक्ते घेऊन बसल्या. मला याचा खरोखर राग येतो.

महाराष्ट्रात त्या दिवशी महाविकास आघाडीने 30 जागा घेतल्या. रायगडाने मात्र आता महायुतीत आलेल्या तटकरेंना 82 हजारांहून जास्त मताधिक्य दिलं. 2014 च्या लाटेत इथली जागा जेमतेम निघाली, आणि हवा फिरली तेव्हा इथेच दणदणीत विजय झाला. दिल्लीत सरकार कुणाचं येणार हे अशा जागांच्या बेरजेतूनच ठरतं.

तेव्हा पुढच्या खेपेला पडद्यावर रायगडची जागा कुणाच्याही खात्यात टाकलेली दिसली की त्या वाहिनीला लिहून विचारा : पेण, अलिबाग, श्रीवर्धन, महाड, दापोली, गुहागर, या सहा ठिकाणी किती जणांना विचारलंत? पालीत किती जणांना? आकडा सांगता येत नसेल, तर आमची जागा परस्पर वाटू नका.