पूर्वज्ञानाची गरज नाही

आम्ही तिघांनी मिळून शेतीच्या प्रयोगांसाठी ‘आर’ या संख्याशास्त्रीय भाषेत एक लहानसं पॅकेज लिहिलं. नवशिक्यांसाठी त्याची मराठी मार्गदर्शिका लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण उरलेल्या दोघांना मराठी टायपिंग येत नव्हतं. पहिलं वाक्य झोकात उतरलं : ‘ही मार्गदर्शिका वाचायला कोणत्याही पूर्वज्ञानाची गरज नाही.’ दुसरं : ‘प्रथम डेटा फ्रेममधल्या फॅक्टरच्या लेव्हल्स तपासून घ्या.’ या दोन वाक्यांच्या मधे एमएस्सीची दोन वर्षं होती, ती मला दिसली नाहीत.

ती मामांना दिसली. मामा काटोलचे, संत्र्याची बाग. मे महिन्यात डोळे दाखवायला धरमपेठेत आले आणि ऊन उतरेपर्यंत माझ्या कूलरसमोर अडकले. आयता नवशिक्या घरात! मी लॅपटॉप पुढे सरकवला.

पॅकेज आधी इन्स्टॉल करायचं, मग लायब्ररी या हुकुमाने बोलवायचं, इथेच मामा थांबले. “आताच त बसवलं न. पुन्हा काहून बोलवायचं?” मी मेमरी, सेशन असं काहीबाही सुरू केलं. त्यांनी हात वर केला. “म्हणजे विहिरीवर मोटर एकदाच बसवायची, बटन रोज दाबायचं. मंग असं लिही न बे!” लिहिलं. बसवताना पॅकेजच्या नावाला अवतरणचिन्हं लागतात आणि बोलवताना नाही लागली तरी चालतं, हे मात्र मोटरीवरून समजावता येईना.

मी पन्हं आणायला आत गेलो तेवढ्यात त्यांचा एक कंस उघडा राहिला. अशा वेळी आर पुढच्या ओळीवर अधिकचं चिन्ह काढून वाट बघत बसतं. मामा एंटर दाबत गेले. परत आलो तर पडद्यावर अधिकची रांग. “हे काय मागून राहिलं? मी त बेरीज सांगतलीच नाही!” मार्गदर्शिकेत याबद्दल अवाक्षर नव्हतं. माझा कंस दिवसातून दहादा उघडा राहतो, आणि बोट आपणहून एस्केपवर जातं. बोटाला माहीत असलेलं लिहायचं मला सुचलंच नव्हतं.

मग उदाहरण आलं. आरमध्ये आयरिस नावाची 150 फुलांची मापं तयारच मिळतात. एडगर अँडरसनने जमवलेली ही मापं फिशरने 1936 मध्ये वापरली आणि तेव्हापासून जगभरचे विद्यार्थी त्याच पाकळ्या मोजतात. “कसं असते हे फूल?” मामांनी विचारलं. वीस वर्षं मी त्याच्या पाकळ्यांची सरासरी काढतोय. प्रत्यक्षात कधी पाहिलेलं नाही.

फूल बाजूला ठेवलं. मामांच्या वहीतली आंबिया बहाराची बारा झाडं घेतली, झाडागणिक फळं. सहाव्या झाडापुढे लिहिलं होतं, ‘माकडं’. तिथे मी ‘एनए’ भरलं, म्हणजे आकडा उपलब्ध नाही. सरासरी मागितली तर उत्तरही एनए.

“एका झाडापायी अकरा झाडं बुडाली?”

“मामा, ते झाड वगळ असं वेगळं सांगावं लागतं. न विचारता ते काही गाळत नाही.”

“आमच्या दिवाणजीपेक्षा इमानदार आहे मंग.” थोडं थांबून म्हणाले, “पण माकडांनी खाल्लं, ते शून्य का एनए?”

हा प्रश्न माझ्या परीक्षांत कधी आला नव्हता. शून्य भरलं तर झाडाला फळ धरलंच नाही असा अर्थ होतो. एनए भरलं तर हाती काही आलं नाही हे लपतं. मी कागदावर मांडत बसलो. मामांनी पन्ह्याचा पेला रिकामा केला. “व्यापाऱ्यासाठी शून्य, पंचनाम्यासाठी एनए.”

माझ्या कपाटात पानसे आणि सुखात्मे यांचा ‘स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर अ‍ॅग्रिकल्चरल वर्कर्स’ हा 1954 सालचा ग्रंथ आहे. वाचणारा कोण, हे त्या दोघांनी मुखपृष्ठावरच लिहून टाकलं. माझ्या मुखपृष्ठावर नुसता आवृत्ती क्रमांक होता.

आता मार्गदर्शिकेत पहिलं पान उघड्या कंसाचं, दुसरं मोटरीचं, तिसरं माकडांचं. फॅक्टर नवव्या पानापर्यंत येत नाही. आयरिस काढून टाकलं, पण ते फूल मामांना एकदा बघायचंच आहे. नागपूर-काटोल रस्त्यावर कोणाच्या कुंडीत असेल तर कळवा. मोजपट्टी आम्ही घेऊन येऊ.