कडेची माणसं

मराठवाड्याने आजवर जवळजवळ सगळे दुष्काळ पाहिले. उजेडाचा मात्र कधी पाहिला नाही. १९७२ साली विहिरी तळाला गेल्या, २०१६च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पण ऊन आमच्याकडे नेहमीच फुकट, घरपोच आणि मागणीपेक्षा जास्त. वैशाखात नांदेडच्या रस्त्यांवर दुपारचा असा उजेड पडतो की सावल्यासुद्धा अंग चोरून, भिंतीच्या कडेकडेने चालतात. अशा मुलखात राहणाऱ्या माणसाने ‘अंधारात फोटो चांगले येतात’ या एका गुणासाठी लाखभर रुपयांचा कॅमेरा घ्यावा की नाही, हा प्रश्न सध्या माझ्या सोबतीला आहे. निवृत्ती जवळ आली की माणसापाशी न सुटणारा एखादा प्रश्न असलेला बरा. संध्याकाळी फिरायला जाताना तो बरोबर येतो, काही मागत नाही आणि परतताना जिथल्या तिथे असतो. आमच्या फिरणाऱ्यांच्या घोळक्यात कुणी गुडघ्याचा प्रश्न पाळला आहे, कुणी पुण्यातल्या फ्लॅटचा. मी सेन्सरचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या तुकड्याचा पाळला.

प्रश्न वीत-दीड वीत जागेचाही नाही. फुल फ्रेम म्हणतात त्या कॅमेऱ्यातला सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा. माझ्याजवळच्या क्रॉप सेन्सर निकॉनमधला साधारण २३.५ बाय १५.६चा. क्षेत्रफळ काढलं तर तिकडे ८६४ चौरस मिलिमीटर आणि इकडे सुमारे ३६७, म्हणजे निम्म्याहून कमी. वाटणीत एवढा फरक निघाला असता तर आमच्याकडचे दोन सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढले असते. मी मात्र बरीच वर्षं हा लहान वाटा घेऊन सुखात होतो. कारण लहान सेन्सर लेन्समधून आलेल्या दृश्याचा फक्त मधला तुकडा उचलतो. त्यामुळे दोनशे मिलिमीटरची लेन्स तीनशेसारखी वागते आणि लांबचं जवळ येतं. बुजऱ्या माणसाला याहून मोठं वरदान नाही. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्याशी कानगोष्ट करणारा म्हातारा मला त्याच्याजवळ न जाता मिळतो. विष्णुपुरीच्या पाण्याकाठी बगळ्याला माझी चाहूलही लागत नाही. जगाशी एवढं अंतर राखून एवढी सलगी करायची सोय दुसऱ्या कुठल्या छंदात असेल असं वाटत नाही.

अडचण येते ती घरात. फिल्मच्या जमान्यातली पन्नासची एक लेन्स माझ्याकडे आहे. निकॉनने लेन्स बसवायचं तोंड १९५९मध्ये ठरवलं आणि पुढे कित्येक दशकं ते बदललं नाही, म्हणून ती अजून माझ्या कॅमेऱ्यावर निमूट बसते. पण लहान सेन्सरपुढे ती पंचाहत्तरची होऊन जाते. सणावाराला बारा बाय दहाच्या खोलीत सगळं घर एकत्र बसतं आणि मी मागे सरकत सरकत भिंतीला टेकतो. भिंत काही सरकत नाही. मग कडेचं कुणीतरी बाहेर राहतं, आणि गंमत अशी की दर वेळी तेच माणूस बाहेर राहतं. प्रत्येक कुटुंबात एक मावशी किंवा आत्या असते, जिला कुणी सांगितलेलं नसतानाही ती कडेला उभी राहते. ‘माझं काय, तुम्ही काढा’ म्हणते, आणि कॅमेरा तिचं ऐकतो.

याचं मूळ भूमितीत आहे. लेन्स जग चौकोनी पाहतच नाही. तिच्यामागे प्रकाशाचं एक वर्तुळ पडतं आणि सेन्सर त्या वर्तुळातून आपल्या मापाचा चौकोन कापून घेतो. मोठ्या सेन्सरचा कर्ण त्रेचाळीस मिलिमीटरच्या थोडा पुढे जातो, लहानाचा अठ्ठावीसपर्यंत. लहान सेन्सरसाठी घडवलेली लेन्स मोठ्यावर लावली तर तिचं वर्तुळ कोपऱ्यांपर्यंत पोचत नाही आणि चारी कोपरे काळे होतात. निकॉनचा मोठा कॅमेरा अशा वेळी समजूतदारपणे स्वतःच लहान होऊन मधलाच भाग वापरतो. म्हणजे नवा कॅमेरा घेऊन जुन्या लेन्सवर भागवणं हे मोठ्या घरी सोयरीक करून वरात सायकलवरून नेण्यासारखं आहे. बॉडी आली की तिच्या तोलाची लेन्स येते, मग लेन्सच्या तोलाची बॅग, आणि शेवटी बॅगेच्या तोलाचं पाठदुखीचं मलम.

वर्तुळाचा हा धडा मला खरं तर लहानपणीच मिळायला हवा होता, कारण मी मूळचा लातूरचा. तिथली गंज गोलाई १९१७पासून उभी आहे: मध्ये अंबाबाईचं देऊळ, भोवती दुमजली इमारतीचं कडं आणि त्यातून फुटणारे सोळा रस्ते. एकीकडे सोनं, एकीकडे चपला, कुठे मिरची, कुठे गूळ. पोरवयात वडिलांचं बोट धरून मी तिथे फिरायचो, तेव्हा डोळे मिटूनही आपण कुठल्या रस्त्याच्या तोंडाशी आहोत हे नाकाला कळायचं. आता कॅमेरा घेऊन गेलो की गोलाई मला कधीच पुरी सापडत नाही. अठराची लेन्स माझ्या सेन्सरवर सत्तावीसची होते; तीन-चार रस्ते आत येतात, बाकीचे पाठीमागे आपला व्यापार करत राहतात. ‘सोळा रस्त्यांच्या गावची माणसं तुम्ही,’ असं आमची ही म्हणते, ‘एक धरायचा म्हटलं की तुम्हाला जमायचं नाही.’

तसं पाहिलं तर सेन्सरचं हे थोरलंधाकटं कुणी ठरवलं, हाही एक पाहण्यासारखा खेळ आहे. नांदेड आणि लातूर निजामाच्या राज्यात होते त्या काळी सहाव्या निजामाच्या दरबारी लाला दीनदयाळ हे छायाचित्रकार होते. त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह ग्रंथाच्या पानाएवढ्या असत. आजचा फुल फ्रेम त्यांच्यापुढे धरला असता तर त्यांनी उरलेला भाग कुठे आहे असं विचारलं असतं. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत लोकांपुढे आला. अशा सिनेमांच्या ३५ मिलिमीटर फिल्मवरची एकेक चौकट जेमतेम २४ बाय १८ची. साधारण त्याच सुमारास जर्मनीत ऑस्कर बर्नाक नावाच्या कारागिराने तीच सिनेमाची फिल्म आडवी धरली, दोन चौकटींची एक केली आणि ३६ बाय २४चं माप जन्माला घातलं. १९२५ला त्याचा लायका कॅमेरा बाजारात आला, तेव्हा जाणकार त्याला चिमुकला कॅमेरा म्हणत. पुढे डिजिटलचे दिवस आले. सिलिकॉनचा मोठा तुकडा निर्दोष घडवणं फार खर्चिक, म्हणून १९९९च्या निकॉन डी-वनमध्ये लहान सेन्सर बसला, आणि त्या धाकट्याच्या शेजारी कालचा चिमुकला एकाएकी थोरला दिसू लागला. निकॉनला स्वतःचा फुल फ्रेम काढायला २००७ साल उजाडलं. आज त्याच्याही डोक्यावर ४४ बाय ३३चे सेन्सर आहेत. मोठेपणाचं हे असंच चालायचं. शेजारी कोण उभा आहे यावर ते ठरतं.

नांदेडच्या वजिराबादेतल्या कॅमेऱ्याच्या एका दुकानात मी अधूनमधून हाताळायला म्हणून जातो. गल्ल्यावरचा मुलगा लग्नसराईत स्वतः शूट करतो, त्यामुळे त्याच्या बोलण्याला घामाचं वजन आहे. ‘काका, डोळे झाकून फुल फ्रेम घ्या,’ तो म्हणाला. ‘मंडपात लाइट गेली तरी टेन्शन नाही. आणि मागचं सगळं असं ब्लर होतंय ना, फ्रिज नाही, कूलर नाही, पाहुणे नाहीत; नुसती नवरी!’ त्याचं गणित बरोबर होतं. तेवढ्याच छिद्राच्या लेन्सने मोठा सेन्सर एकूण सव्वादोन पटींहून अधिक प्रकाश गोळा करतो, आणि चौकटीत नवरी तेवढीच ठेवली तर तिच्या मागचं जग जास्त विरघळतं. पण पाहुण्यांना विरघळवण्यासाठी एवढे पैसे मोजायचे, या विचाराशी मी थबकलो.

किल्लारीच्या बाजूला आमचं एक नात्यातलं घर होतं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, भूकंपात तिथल्या जाड दगडमातीच्या भिंतींचं जे झालं ते साऱ्या मराठवाड्याला ठाऊक आहे. पुढे गाव नव्या जागी वसलं. त्या घराचा असा एकही फोटो नाही. घराचा फोटो कोण काढतं? पण एका लग्नाचा आहे. नवरदेव बाशिंग बांधून उभा आहे आणि मागे चौकट, चौकटीवरचा कोनाडा, कोनाड्यातली चिमणी, खुंटीला कुणाचीतरी पिशवी, असं सगळं स्पष्ट आलं आहे. छायाचित्रकाराला मागचं पुसायची कला अवगत नव्हती, हे आमचं भाग्य. नवरदेव आता आजोबा झाले आहेत आणि तो फोटो हातात घेतला की स्वतःकडे बघतही नाहीत. नातवंडांना ते कोनाडा दाखवतात.

उलट माझ्या आजीचं. तिने जन्मात एकटीचा फोटो काढून घेतला नाही. ती गेल्यावर वडील एका लग्नातली निगेटिव्ह घेऊन स्टुडिओत गेले आणि ‘एवढ्या ह्या बाईचा मोठा करून द्या’ म्हणाले. आमच्या भागातल्या भिंतींवरचे किती तरी हार घातलेले चेहरे असेच घोळक्यातून वेचून काढलेले आहेत. स्टुडिओवाल्याने आजी वेगळी केली, पण डावीकडे कुणाचा तरी शालूतला खांदा राहून गेला. तो खांदा कुणाचा यावर आमच्याकडे अजून एकमत नाही. थोरल्या काकू तो आपला म्हणतात. आत्याला तो आपला वाटतो. मूळ निगेटिव्ह हरवल्यामुळे दोघींचाही दावा अबाधित आहे. आजीच्या श्राद्धाला दोघी त्या फोटोसमोर उभ्या राहतात आणि आजीबरोबर आपल्या खांद्यालाही नमस्कार करून घेतात. आजी त्या घोळक्यात अगदी कडेला होती. तिचा चेहरा मोठा करता आला तो केवळ निगेटिव्ह मोठी होती म्हणून. तेव्हाच्या याशिका कॅमेऱ्याच्या चौकोनी निगेटिव्हची बाजू ५६ मिलिमीटर, म्हणजे आजच्या फुल फ्रेमच्या साडेतीन पटींहून अधिक जागा. कापून घ्यायला काही उरावं, एवढं त्या माणसाने आत घेऊन ठेवलं होतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की फोटोतलं काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हे काढणाऱ्याच्या हातात फार थोडं असतं. ते पुढे कधीतरी, काहीतरी हरवल्यावर, दुसरंच कुणी ठरवतं. कुणाला माणसामागची भिंत हवी होते, कुणाला भिंतीजवळचं माणूस. आपल्याला कळत नाही म्हणून आपण जरा ऐसपैस घेऊन ठेवावं, एवढंच शहाणपण. कापणारे पुढे येतीलच.

म्हणून मी फुल फ्रेम घ्यायचा ठरवला. कोरा नव्हे, वापरलेला, आणि तोही त्या जुन्या पन्नासच्या लेन्सपुरता. एवढी वर्षं पंचाहत्तरची नोकरी केलेल्या त्या लेन्सला निदान म्हातारपणी तिचं वय परत मिळेल, आणि मला खोलीत दोन पावलं पुढे उभं राहता येईल. बुजरेपणा सोडायला हे वय काही वाईट नाही. दुकानातल्या मुलाने लेन्स उजेडात धरली, फिरवून पाहिली आणि मान हलवली. ‘काका, खरं सांगू का? क्रॉपवर हिचा नुसता मधला भाग वापरला जायचा, म्हणून चालून गेलं. फुल फ्रेमवर हिच्या कडा उघड्या पडतील. मधले लोक चकाचक येतील, कडेचे जरासे पुसट आणि काळपट.’

‘येऊ देत,’ मी म्हटलं, ‘आमची कडेची माणसं आम्ही पुसट असली तरी ओळखतो.’