क्लेमवाले साहेब

सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला उपअभियंता एक तर सोसायटीचा सचिव होतो, नाहीतर एखाद्या कंत्राटदाराकडे क्लेम लिहायला बसतो. पहिल्याचा ताप फक्त सोसायटीला. दुसऱ्याला मात्र केबिन, एसी आणि खात्याच्या गेटवर सोडून आलेलं 'साहेब'पण, तिन्ही परत मिळतात.

साइटवरची माणसं पूल बांधतात, साहेब फाइल बांधतात. जमीन ताब्यात मिळाली नाही की साइट इंजिनिअर कपाळाला हात लावतो, साहेब पेनाचं टोपण काढतात. ड्रॉइंग उशिरा आलं? मुदतवाढ. पोकलेन बसून राहिला? बसल्याचं भाडं. मध्येच एक मोरी वाढली? एक्स्ट्रा आयटम. सिमेंट महागलं? भाववाढ. रत्नागिरीत जुलैमध्ये पाऊस पडला हे 'अपवादात्मक प्रतिकूल हवामान' कसं, हे दाखवायला ते वेधशाळेचे आकडे मागवतात आणि पुरवणी म्हणून भिजलेल्या सिमेंटच्या पोत्यांचे फोटो जोडतात.

फिडिकच्या, म्हणजे अभियंता-सल्लागारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, १९९९ च्या लाल पुस्तकात, म्हणजे कंत्राटाच्या नमुन्यात, क्लेमची नोटीस २८ दिवसांत द्यायची असते. ती चुकली की हक्क बुडाला. त्यामुळे साहेबांच्या कॅलेंडरवर चतुर्थी-एकादशीपेक्षा अठ्ठाविसावे दिवस ठळक असतात. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ५५ तर तोंडपाठ: उशिरा मिळालेलं निमूट स्वीकारलं, त्याच वेळी नोटीस दिली नाही, तर पुढे भरपाई मागता येत नाही. घरी ताट उशिरा आलं की साहेब 'हक्क राखून' जेवतात.

त्यांचं खरं प्रेम हडसनवर. काम लांबलं की मुख्य कार्यालयाचा खर्च आणि बुडालेला नफा काढायचं हे विलायती सूत्र. आमच्या कंत्राटदाराचं मुख्य कार्यालय म्हणजे पेट्रोलपंपामागची एक खोली. पण हडसनमध्ये घातल्यावर त्या खोलीचा खर्च नरिमन पॉइंटला शोभेल असा निघतो.

हसायला येतं खरं. पण निम्म्या क्लेमांमागे खरोखर अडकलेला पैसा असतो. जागा ताब्यात नसताना कार्यारंभ आदेश देऊन मोकळं व्हायची खात्याची हौस जुनीच आहे. तोवर बँकेचं व्याज थांबत नाही, आणि हा माणूस पदरी नसलेला कंत्राटदार 'बघू, करू'वर विसंबून निम्मे पैसे सोडून देतो.

साहेबांचं सगळ्यात मोठं परिवर्तन खोदकामात झालं. मुरूम आणि कठीण खडक यांच्या दरात मोठा फरक. म्हणून खोदलेलं नेमकं काय होतं, हा कंत्राटदार आणि खात्यातला सनातन वाद. नोकरीत असताना साहेबांना सह्याद्रीचा कातळही मुरूमच दिसायचा. आता शेतातली काळी मातीसुद्धा सुरुंगाशिवाय निघत नाही.

मागे एका घाटातल्या खोदकामाच्या क्लेमात लवादापुढे खात्याच्या वकिलाने एक जुना कागद काढला. त्याच घाटातलं, त्याच टप्प्यातलं खोदकाम. शेरा 'मुरूम', खाली साहेबांची सही.

"सही आपलीच ना?"

साहेबांनी चष्मा पुसला, कागद उजेडात धरला.

"सही माझी. मुरूम खात्याचा."