घरोघरचे किल्लेदार

घराला कुलूप लावणारे आपण सगळेच. तेच कुलूप जेवणाच्या टेबलावर खोलून, त्याच्या पोटातल्या खुंट्या बदलून, ‘जुन्या किल्लीला यापुढे ओळख दाखवायची नाही’ असं त्याला बजावणारे गृहस्थ मात्र सोसायटीत एखादेच निघतात. त्यांना आपण किल्लेदार म्हणू. साठीच्या अलीकडे-पलीकडे वय, कुठल्याशा कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात गेलेली हयात, चष्म्याला दोरी, शर्टाच्या खिशात टेस्टर आणि ‘मिस्त्रीला काय कळतंय त्यातलं’ हे पालुपद. कामवाली बदलली की यांच्या लॅचची किल्ली बदलते, भाडेकरू गेला की बदलते, वाटणीवरून धाकट्या भावाशी वाजलं की गावाकडच्या घराचीही बदलते. सोसायटी त्यांना संशयी म्हणते, बायको रिकामटेकडे म्हणते. मला हे दोन्ही आरोप मान्य नाहीत. सबंध इमारतीत कुलपाचा मुळापासून विचार केलेला हा एकच माणूस असतो. त्याचं हसं होतं ते विचार चुकतो म्हणून नव्हे, तर स्प्रिंग फ्रिजखाली जाते म्हणून.

विचार असा. कुलूप चोरासाठी असतं अशी आपली समजूत. खरं तर ते ओळखीच्या माणसांसाठी असतं. एका साध्या फ्लॅटची किल्ली कुठे कुठे जाऊन आलेली असते, याचा हिशेब मांडून बघा. ताबा मिळायच्या आधी ती बिल्डरच्या सुपरवायझरकडे होती. मग फर्निचर करणाऱ्या सुताराकडे महिना-दीड महिना, कारण आपण दिवसभर ऑफिसात. मग रंगाऱ्याकडे. एक समोरच्या काकूंकडे कायमची, एक कामाच्या मावशींकडे, एक जावयाकडे. फ्लॅट भाड्याने दिलेला असेल तर बघायलाच नको. करार ११ महिन्यांचा, दर करारागणिक नवं बिऱ्हाड, आणि दोन बिऱ्हाडांच्या मधल्या काळात किल्ली एजंटाच्या खिशात. सोडून जाणारा भाडेकरू तीन किल्ल्या मोजून हातावर ठेवतो, आपण डिपॉझिट परत करतो, चहा होतो. पण स्टेशनबाहेर छत्रीखाली बसलेला चावीवाला कोरी किल्ली पकडीत धरून, तिच्यावर कानस फिरवून, शे-पन्नास रुपयांत चौथी करून देतो. त्या चौथीचा उल्लेख कुठल्याच करारात नसतो. परत आलेली किल्ली पाहून तुम्ही-आम्ही निश्चिंत होतो. किल्लेदारांना तिची जुळी बहीण कुठे नांदत असेल याचा घोर लागतो. हा घोर काही त्यांनी एकट्याने शोधून काढलेला नाही. १८६०च्या भारतीय दंड संहितेने कलम ४४५ मध्ये घरफोडीचे सहा प्रकार सांगितले होते, त्यांत कुलूप उघडून शिरणं हाही एक होता. खाली दिलेल्या उदाहरणांत भिंतीला भोक पाडणाऱ्याच्या पंगतीला एक गृहस्थ बसवले आहेत: त्याला दुसऱ्याच्या घराची हरवलेली किल्ली सापडते आणि तो ती लावून आत शिरतो. कायदा लिहिणाऱ्या साहेबांनाही किल्लीची धास्ती होती, तर किल्लेदारांनी काय घोडं मारलंय?

यावर सोसायटीतले व्यवहारी लोक एक बिनतोड वाटणारा मुद्दा काढतात. पेपरात रोज काय छापून येतं? ‘बंद फ्लॅटचा कडीकोयंडा तोडून’. चोर येतो तो कटावणी घेऊन. त्याला खुंट्यांच्या उंचीशी काय देणंघेणं? मुद्दा खरा आहे, पण तो किल्लेदारांच्याच बाजूने जातो. तुटलेला कोयंडा जिन्यातूनच दिसतो. पोलिसांत सांगता येतं, पंचनाम्यात लिहिता येतं, शेजारीपाजारी हळहळायला येतात. किल्लीने उघडलेलं दार पुन्हा जसंच्या तसं बंद होतं. कपाटातल्या डबीत पाटल्या नाहीत हे थेट लग्नसराईत कळतं, आणि मग घरातली माणसं एकमेकांकडे बघायला लागतात. बरं, किल्लीही नाही आणि तोडफोडही नाही, नुसत्या हाताच्या कसबाने कुलूप उघडायचं म्हणाल तर ते येरागबाळ्याचं काम नव्हे. १८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कुलूपवाल्याने ब्रामाचं गाजलेलं कुलूप उघडून २०० गिनींचं बक्षीस मिळवलं. त्यासाठी त्याला १६ दिवसांत मिळून ५०हून अधिक तास खपावं लागलं. आपल्या दारावरचं लॅच ब्रामाइतकं चिवट नसतं हे कबूल, पण भुरट्या चोराला हॉब्जचा हातही नसतो आणि एवढी रजाही नसते. तेव्हा कटावणीवाल्यासाठी कोयंडा मजबूत हवा आणि किल्लीवाल्यासाठी किल्ली बदललेली हवी. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. हे किल्लेदार मीटिंगमध्ये सांगायला उठतात तेव्हा पाण्याच्या टँकरचा विषय निघतो आणि राहून जातं.

इथवर सगळं निर्दोष. आता कृती. लॅचचा सिलिंडर म्हणजे पितळेचं नळकांडं आणि त्यात फिरणारा गाभा. वरून पाच भोकं. प्रत्येक भोकात तळाला एक टोकदार खुंटी, तिच्यावर दुसरी बोथट खुंटी आणि तिच्या डोक्यावर केसाएवढ्या तारेची स्प्रिंग. बरोबर किल्ली आत गेली की पाचही जोड्यांचे सांधे गाभ्याच्या काठाशी एका रेषेत येतात आणि गाभा फिरतो. चुकीची गेली की एखादी खुंटी आडवी येते. १८६०च्या दशकात अमेरिकेत लायनस येल यांनी बेतलेली ही रचना किल्लेदारांना तोंडपाठ असते. तळाच्या पाच खुंट्यांची अदलाबदल केली की किल्ली बदलली. पाचांच्या मांडण्या १२०, हे त्यांनी पाठकोऱ्या कागदावर मांडलेलं असतं. (दोन खुंट्या एकाच उंचीच्या निघाल्या तर ६०, हे नातू सांगतो; त्याला अभ्यासाला पिटाळलं जातं.) गोम पुढे आहे. गाभा बाहेर ओढताना त्याच्या पाठोपाठ त्याच जाडीची दांडी आत सरकवत न्यावी लागते, म्हणजे वरच्या खुंट्या स्प्रिंगांसकट जागच्या जागी दबून राहतात. अशी दांडी घरात नसते. घरात पेन्सिल असते. पेन्सिल बारीक पडते, तिसऱ्या भोकातून ‘टिंग’ असा आवाज येतो आणि पाठोपाठ हुकूम सुटतो: ‘कुणी हलू नका!’ घर जागच्या जागी उभं राहतं. सूनबाईंच्या हातात फोडणीची पळी असते, ती तशीच राहते. स्टीलच्या ताटात चार स्प्रिंगा मिळतात. पाचवी फ्रिजपासून देव्हाऱ्यापर्यंत कुठेही असू शकते. रात्री सिलिंडर चारच खुंट्यांवर बंद होतो. घासून तयार केलेली नवी किल्ली फिरते, दार उघडतं, लागतं, किल्लेदार प्रसन्न. एक खुंटी कमी झाली म्हणजे भलतीच किल्ली लागण्याची शक्यता वाढली, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं, पण ते कुणाला सांगत नाहीत. शेवटी वंगण म्हणून खोबरेलाचे दोन थेंब सोडतात. तेलावर धूळ बसते आणि थंडी पडली की आत खळ तयार होते. कुलपाला कोरडं वंगण लागतं. ज्या पेन्सिलीने घात केला, तिच्याच शिशाची पूड इथे कामाला आली असती.

मग हार्डवेअरच्या दुकानातून नवाकोरा सिलिंडर का आणू नये? किल्ल्या सोबत येतात, दोन-चार स्क्रू फिरवले की काम झालं. किल्लेदारांचं उत्तर तयार असतं: कारखान्यात किल्ल्यांचे नमुने मोजकेच, तेव्हा हीच किल्ली गावात आणखी कुणाकडे असणार. असणारच. पण त्या कुणाला आपलं दार माहीत नाही आणि आपण कोण तेही माहीत नाही. भीती ओळखीच्यांची असेल तर अनोळखी माणसाकडे जुळी किल्ली असल्याने काहीच बिघडत नाही. इथे किल्लेदार आपल्याच तत्त्वाविरुद्ध बोलतात, आणि मला वाटतं ते त्यांना हौस सोडवत नाही म्हणून.

मोटारीच्या बाबतीत तर त्यांचं वकीलपत्रच परत करावं लागतं. सेकंडहँड गाडी घेतली, आरसीवर नाव चढलं, तरी आधीच्या मालकाकडे एखादी किल्ली राहिली असेल, ही शंका रास्त आहे. पण गाडीला कुलूप एक नसतं. दारं, डिकी, पेट्रोलच्या टाकीचं झाकण, स्टिअरिंगजवळचं इग्निशन. आत खुंट्यांऐवजी पत्र्याच्या चकत्या. किल्लेदार ड्रायव्हरच्या बाजूचं दार सर करतात, डिकीपाशी तह करतात आणि इग्निशनपाशी माघार घेतात. मग एका गाडीला तीन किल्ल्या होतात आणि पंपावर मागे हॉर्न वाजत असताना झाकणाची किल्ली शोधली जाते. शिवाय अलीकडच्या बहुतेक गाड्यांत किल्लीच्या डोक्यात चिप असते. इंजिनाच्या कॉम्प्युटरला तिची खूण पटल्याशिवाय गाडी सुरू होत नाही. जुनी किल्ली बाद करायची तर ती त्या कॉम्प्युटरच्या यादीतून काढावी लागते. तिथे कानशीचं काय काम? वर विम्याची भानगड. गाडी चोरीला गेली की विमा कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते. किल्लेदारांच्या घरी किल्ल्यांचा दुष्काळ नसतो. श्रीखंडाचा एक रिकामा डबा कपाटावर असतो आणि आजवर बाद केलेली प्रत्येक किल्ली त्यात असते, कारण ‘पितळ आहे, टाकायचं कशाला?’ डबा टेबलावर उपडा होतो, पण त्यातली कुठली कशाची हे आता कुणालाच सांगता येत नाही.

आणि या सगळ्यात बाहेर कोण राहतं? एजंट नाही, सुतारही नाही. क्लासहून आलेला नातू जुनी किल्ली घेऊन जिन्यात बसतो, माहेरपणाला आलेली मुलगी बॅगांसकट दारात उभी राहते, आणि एखाद्या संध्याकाळी खुद्द किल्लेदार नवी किल्ली आत विसरून बाहेर असतात. चोर सोडून संन्याशाला सुळी. मग स्टेशनबाहेरचा तोच चावीवाला बोलवावा लागतो, आणि रात्रीची वेळ म्हणून तो दुप्पट मागतो.

तरीही निकाल किल्लेदारांच्याच बाजूने द्यावा लागेल, फक्त स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातून काढून घेऊन. नवा किंवा जुना फ्लॅट ताब्यात आला, सुतार-रंगारी आटोपले, भाडेकरू गेला, की त्याच आठवड्यात लॅचचा सिलिंडर बदलून घ्या. माणसांवर अविश्वास दाखवतो असं वाटून संकोचू नका. जुनी गाडी घेतलीत तर सर्व्हिस सेंटरला नेऊन आधीच्या मालकाची किल्ली यादीतून काढायला सांगा आणि दुसरी मूळ किल्ली त्याच्याकडून मागून घ्या. विम्याचा दावा करायची वेळ आली तर तीच लागेल.