अनुभवी माणूस पाहिजे

जळगावात फुटबॉल खेळणारे कमी आणि तो कसा खेळावा हे सांगणारे भरपूर. त्यामुळे आमच्या कॉलनीच्या पोरांसाठी पगार देऊन अनुभवी प्रशिक्षक आणायचा की नाही हा विषय निघाला, तेव्हा मंदिराच्या ओट्यावर जागा पुरेना. विषय निघायला कारण धुळं. पोरं तिथं जाऊन सात गोल खाऊन आली होती. पुण्या-मुंबईकडून हरलं तर माणूस मोठी शहरं म्हणून गप्प बसतो. धुळ्याकडून हरणं ही भाऊबंदकी. १९०६ साली इंग्रजांनी खानदेशचे पूर्व-पश्चिम असे दोन तुकडे केले आणि जळगाव पूर्वेचं मुख्यालय झालं. त्याआधी सगळ्या खानदेशचा कारभार धुळ्याहून चालायचा. ते वडीलपण धुळेकर विसरलेले नाहीत आणि आम्ही कधी मानलेलं नाही.

नाना भुसावळहून रेल्वेचे गार्ड म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणाले, “अनुभवी माणूसच पाहिजे भो. कोवळ्या सरांचं पोरं ऐकत नाहीत.”

आप्पांचा केळीचा व्यापार. त्यांनी आधी भाव काढला. “अनुभवी माणूस महाग पडतो, नाना. आणि हरायला अनुभव कशाला? ते तर पोरं आपल्या आपण करतात.”

आमच्याकडे अनुभव तपासायची रीत ठरलेली आहे, ती लग्नाच्या आचाऱ्याची. वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीसाठी आचारी ठरवताना एकच विचारतात, आजवर किती पंगती उठवल्या? उत्तर पटलं की विसार हातावर. फुटबॉलमध्ये अडचण अशी, की अनुभव म्हणून समोर येतो त्यात उपाशी उठलेल्या पंगतीही मोजलेल्या असतात.

२०२५ च्या जुलैत दिल्लीतही हाच ओटा भरला होता, फक्त खुर्च्या गादीच्या. भारताच्या संघाला प्रशिक्षक हवा होता आणि अर्ज आले १७०. त्यांत चक्क पेप ग्वार्दिओला आणि शावी यांच्या नावाचे ईमेल. ते बनावट असल्याचं भारतीय फुटबॉल महासंघानंच मागाहून सांगितलं. आप्पांना मात्र अजून वाटतं, की ग्वार्दिओला खरोखर यायला निघाला होता, पगाराचं जमलं नाही.

शेवटी तीन नावं उरली. याआधी दोनदा हेच काम केलेले स्टीफन कॉन्स्टंटाइन, स्लोव्हाकियाचे तारकोविच आणि आपले खालिद जमील. नाना ही बातमी मोबाइलवरून मोठ्यानं वाचून दाखवत होते आणि मध्येच थांबून मागचा हिशेबही सांगत होते.

तो हिशेब गमतीचा आहे. इगोर स्टिमाच १९९८ च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाकडून खेळलेले, पुढं त्याच देशाचे प्रशिक्षक. यापेक्षा अनुभवी माणूस कुठून आणायचा? २०१९ मध्ये ते आले. २०२३ मध्ये बातमी छापून आली, की सामन्याआधी खेळाडूंची यादी एका ज्योतिष्याकडं जात होती. ओट्यावर स्टिमाचचा मान एकदम वाढला. परदेशी असून माणूस ग्रहमान बघतो! पण ग्रहांनी साथ काही दिली नाही. २०२४ च्या मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्ताननं हरवलं आणि जूनमध्ये स्टिमाच गेले. त्यांच्या जागी मनोलो मार्केझ आले, ते एफसी गोवा सांभाळून. सकाळी शाळा आणि संध्याकाळी क्लास चालवणाऱ्या आमच्या गुरुजींना यात वावगं काही दिसलं नाही. आठ सामन्यांत एक विजय मिळवून मार्केझही गेले.

२०२५ च्या १ ऑगस्टला खालिद जमील यांची निवड जाहीर झाली आणि वाद मिटायच्या ऐवजी पेटला. जमील यांनी मुंबई एफसी अनेक मोसम सांभाळली, मग ते ऐजॉलला गेले. ऐजॉल आदल्या मोसमात खाली ढकलला गेलेला संघ. गोव्याच्या क्लबांनी आय-लीग सोडली म्हणून त्याला परत जागा मिळालेली. २०१७ च्या एप्रिलमध्ये तोच संघ विजेता झाला. नाना म्हणाले, “बघा, अनुभवी माणूस!” आप्पा म्हणाले, “बघा, कुठं मोठं नाव आणलं होतं?” एकाच गोष्टीनं दोघंही जिंकले. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये गोव्यात भारताची सिंगापूरकडून २-१ अशी हार झाली, २०२७ चा आशियाई चषक हुकला, आणि तेव्हाही पुन्हा दोघंच जिंकले.

तेवढ्यात कुणीतरी सय्यद अब्दुल रहीम यांचं नाव काढलं. १९६२ ला जकार्तात आशियाई सुवर्णपदक मिळवून देणारा प्रशिक्षक मूळचा हैदराबादचा शाळामास्तर. हे ऐकताच कोपऱ्यात बसलेले आमच्या शाळेचे पीटीचे सर ताठ झाले. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

माझं मत विचाराल तर आम्हाला अनुभवी माणूस हवा असतो तो पाहुण्यांना दाखवायला. त्याचा अनुभव वापरायची वेळ आली, की आमचाच अनुभव उफाळून येतो.

अखेर माणूस सापडला, आणि तोही धुळ्याचा. राज्य राखीव दलातून निवृत्त, जन्म मैदानावर गेलेला. रविवारी एसटीनं आला. आधी त्यानं चेंडू अंगठ्यानं दाबला, हवा कमी निघाली. मग मैदानावर चालत गेला. आदल्या रात्री पाऊस झालेला, काळी माती बुटाला अशी चिकटली की परत येताना त्याचे पाय दुप्पट दिसत होते. रेषांची फक्की वाहून गेली होती. आप्पांनी विचारलं, “अनुभव किती वर्षांचा?” त्यानं उलट विचारलं, “पोरं किती?” आम्ही मोजली. नऊ भरली. कापूस वेचणीला ती किती उरतात, हे त्यानं दुसऱ्या प्रश्नात काढून घेतलं.

पगारावर तो अडला नाही. त्याची अट एकच होती. सामना चालू असताना कॉलनीच्या मंडळाचा एकही माणूस रेषेजवळ उभा राहणार नाही आणि आतल्या पोरांना काहीही सांगणार नाही.

ओट्यावर पहिल्यांदाच शांतता पसरली. नाना आणि आप्पा एकमेकांकडं बघायला लागले. कित्येक महिन्यांत त्यांचं एकमत झालं नव्हतं, ते तिथं झालं.

“मग आम्ही मैदानावर येऊन करायचं काय?” आप्पांनी विचारलं.

“दखा,” तो म्हणाला.