पाइपकाका

गणपतीपुळ्यात घरोघरी गणपती आणत नाहीत. देवळातला तोच साऱ्या गावाचा. त्यामुळे ‘गणपतीआधी उरकलंच पाहिजे’ ही कोकणातल्या दुरुस्त्यांची हुकमी मुदत इथे चालत नाही. इथली मुदत दिवाळीची सुट्टी. पर्यटक उतरायच्या आत मागच्या पडवीतलं न्हाणीघर ‘अटॅच्ड’ व्हायला हवं. जांभ्याच्या भिंतीवर पहिली छिन्नी वाजली, की पाइपकाका हजर.

असे काका वाडीत एक तरी असतात. नोकरी मुंबईत, बिऱ्हाड गिरगावच्या चाळीत, आता गावी मुक्काम. प्लंबर नव्हेत, प्लंबरला ते ‘पोरगा’ म्हणतात. खिशात मोडक्या स्पीकरमधलं लोहचुंबक, हातात कोयती.

भिंतीवरचे पाइप ऑइलपेंटचे इतके थर ल्यालेले असतात की बीड, सिमेंट, प्लास्टिक सगळे एकाच हिरव्या गोत्राचे. काका कोयतीने रंग खरवडतात, चुंबक लावतात. चिकटलं, वर सांध्याला जाड कॉलर आणि कॉलरीत ताग व शिसं दिसलं, तर बीड. चुंबक घसरलं आणि टकटकीला बद्द आवाज आला, की काकांचा आवाजही उतरतो. “सिमेंटचा दिसतो. ग्राइंडर लावू नकोस रे, धूळ छातीत जाते.” त्या सिमेंटातल्या अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ माणसाला कर्करोगापर्यंत नेते, म्हणजे काका इथे शंभर टक्के बरोबर. नेमकं इथेच त्यांचं कोणी ऐकत नाही.

आजचा बिडाचा निघाला. “वरचा तुकडा आधी भिंतीला बांध, नाहीतर वजनानिशी डोक्यात येईल.” पोरग्याने बांधला. “कोणी पाणी सोडू नका!” काका घरभर ओरडले. ग्राइंडरच्या आवाजात ते कोणालाच ऐकू गेलं नाही. काप पुरा होतो न होतो तोच आत बादली ओतल्याचा आवाज, आणि पोरगा खांद्यापर्यंत भिजला.

काकांनी वाकून वास घेतला. “साबण! मोरीचा आहे, संडासाचा नव्हे. म्हटलं नव्हतं?”

म्हटलं नव्हतं.

मग नवा पीव्हीसी बसेना. दोन्ही चार इंची; पण जुन्याचं माप आतून, १०० मिलिमीटर, नव्याचं बाहेरून, ११०. काकांना हे ठाऊक होतं. पोरगा रबरी कपलिंग आणायला आरे-वारे मार्गे रत्नागिरीला सुटला, तोवर काका कापलेल्या कॉलरीतलं शिसं छिन्नीने उकरत बसले. शेजाऱ्याच्या मासे धरायच्या पागाला शिशाच्या गोळ्या कमी पडत होत्या.