मामा, चालतंय ना?

माझा भाचा बर्म्युडाहून सुमारे 1,800 सागरी मैल शिडाच्या बोटीने होर्टाला आला. मी लिस्बनहून विमानाने आलो आणि त्याच्यापेक्षा जास्त दमलो. समुद्राचा माझा अनुभव म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच, तीही आलेपाकाच्या आधाराने.

होर्टा हे अझोर्समधल्या फायाल बेटावरचं बंदर. कॅरिबियनहून युरोपला परतणाऱ्या बोटी मे-जूनमध्ये इथे दम खातात. जागा संपली की बोटीला बोट बांधतात. आमची चौथी. म्हणजे जमिनीवर पाय ठेवायला तीन बिऱ्हाडं ओलांडायची. गिरगावातली चाळच, फक्त हलणारी. चपला हातात घ्यायच्या, नाळेकडून जायचं आणि आत कोण काय करतंय ते बघायचं नाही. हा शेवटचा नियम चाळीत असता, तर आपले निम्मे विनोदी लेखक उपाशी मेले असते.

दुसऱ्या दिवशी बोटीचा संडास तुंबला.

‘‘मामा, तुमचा काही दोष नाही,’’ भाचा तीनदा म्हणाला, तेही पहिल्या बोटीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. मूत्र आणि खारं पाणी एकत्र आलं, की नळीत चुन्यासारखा थर धरतो. पंपाचा दांडा हलेना. पाच मिनिटांत चार देश जमले. जर्मन बाईंनी जोकर व्हॉल्व्ह आणला. गेलेलं परत येऊ न देणं, एवढंच त्या रबरी ओठांचं काम. नॉर्वेच्या जोडप्याने व्हिनेगर आणलं. दुसऱ्या बोटीवर एकट्याने फिरणारे निवृत्त फ्रेंच दंतवैद्य होते. त्यांनी नळीत टॉर्च मारला आणि चेहऱ्यावर अशी काही तृप्ती आली, की मी नकळत तोंड मिटलं.

उपाय एकच: नळी काढून धक्क्यावर आपटायची. आम्ही पाळीपाळीने आपटली. प्रत्येक जण आपटता आपटता भर समुद्रातली आपापली तुंबल्याची कथा सांगत होता, आणि प्रत्येकाची लाट आधीच्यापेक्षा उंच होती. समोरचा 2,351 मीटरचा पिको पर्वत मी त्या नळीच्या वरून पाहिला. खलाशांची पत्रं सांभाळून ठेवणारं, 1918 पासूनचं ‘पीटर कॅफे स्पोर्ट’ राहिलंच. साबणाने तीनदा हात धुऊन सगळ्यांनी माझा चिवडा संपवला.

एका गोष्टीचा मात्र राग आला. इतकं झाल्यावर कुणी कुणाचा पत्ता घेईना. आडनावंही ठाऊक नाहीत. बोटीच्या नावाने हाक मारायची आणि वारा फिरला की निघायचं! आपण लोणावळ्यापर्यंतच्या सहप्रवाशालाही घरी जेवायला बोलावतो.

एका पहाटे पाचला दंतवैद्य निघाले. ते मधल्या बोटीतले, त्यामुळे बाहेरच्या बोटींनाही दोर सोडावे लागले. पायजम्यात उभ्या असलेल्या माझ्या हातातही कुणीतरी दोर दिला. काय करायचं ते कुणी सांगितलं नाही. मी घट्ट धरून ठेवला. मग तीन भाषांत ‘सोडा!’ असा ओरडा झाला.

बोट धक्क्याच्या टोकाशी वळताना दंतवैद्यांनी दोन्ही हात तोंडाभोवती धरले. भाच्याकडून शिकलेल्या तीन शब्दांत ते ओरडले, ‘‘मामा, चालतंय ना?’’

गळा दाटला होता. मी पंपाचा दांडा मारल्यासारखा हात जोरजोरात वरखाली केला.